उतरताना पुढचे चाक मोडते, ते नेमके कशामुळे?

कराड_कॅडेट: प्रशिक्षण विमानाचा अपघात झाला की पेपरात ‘पुढचे चाक निखळले’ एवढेच येते. सेसना १५२ चे चाक मुळात कमकुवत असते का? आपल्याकडे कराडला उन्हाळ्यात उतरताना काय वेगळे करावे लागते?

ओगलेवाडीकर: चाक जाते ते सगळ्यात शेवटी. चूक आधीच झालेली असते, फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत खाली येतानाच्या शेवटच्या टप्प्यात. १५२ ला ३० अंश फ्लॅपवर (फ्लॅप म्हणजे पंखामागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) ५५ ते ६५ नॉट पुरतात. ७५ ने आलात तर विमान जमिनीलगत तरंगत राहते, बसतच नाही. धावपट्टी संपत आलेली दिसते, मग योक (हातातले सुकाणू) पुढे ढकलून ते बळेच टेकवले जाते आणि पुढचे चाक आधी आपटते. नाक वर उसळते, पंखांचा कोन वाढतो, विमान पुन्हा हवेत. घाबरून परत योक पुढे, की पुढचा आपटा आणखी जोराचा. दुसऱ्या-तिसऱ्या उडीला नोजगियर (पुढचे चाक आणि त्याचा दांडा) मोडतो आणि प्रोपेलर जमिनीला लागतो.

उडी लहान असेल तर नाक उतरण्याच्या स्थितीत धरा, थोडी पॉवर द्या, मुख्य चाकांवर बसू द्या. मोठी असेल तर विचार करत बसू नका, गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर! थ्रॉटल पूर्ण, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) कोल्ड, फ्लॅप २० वर, वेग ५५. उरलेले फ्लॅप अडथळे पार झाल्यावर हळूहळू घ्या. एकदम शून्यावर आणले तर विमान खाली बसते.

वारणाकाठ: उन्हाळ्याचे सांगतो. कराडची उंची साधारण १९०० फूट. पारा ३८ वर गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, ५१०० फुटांच्या आसपास पोचते. वेगाच्या मीटरवर ६० नॉट दिसत असताना हवेतला खरा वेग ६५ असतो. जमीन भराभर मागे पळते, म्हणून वेग जास्त वाटतो आणि नवखा तो नको इतका कमी करतो. तसे करू नका, मीटरवरचाच आकडा पाळा, फक्त धावपट्टी जास्त लागेल हे धरून चाला. दुपारी नांगरलेल्या रानावर विमान वर उचलले जाते, पुढे उसाच्या फडावर आले की खाली जाते. तेव्हा पॉवरवर हात हवा.

कराड_कॅडेट: वळवाआधी झोताचा वारा असतो, तेव्हा वेग किती वाढवायचा सर?

वारणाकाठ: वारा आणि झोत यांच्यातल्या फरकाच्या निम्मा. वारा १०, झोत १८, तर ४ नॉट. आडवा वारा १२ नॉटपर्यंतच १५२ वर चाचणीत दाखवलेला आहे. विद्यार्थ्याने त्याच्या बराच अलीकडे थांबावे.

हँगर_मिरज: चाकाबद्दल राहिले. ओलिओ स्ट्रट (चाकाचा तेल-हवेचा धक्काशोषक दांडा) बसलेला असेल तर प्रोपेलर आधीच जमिनीच्या जवळ येतो, त्यामुळे उड्डाणाआधी स्ट्रट बघाच. जोरात बसलेले विमान टॅक्सी करते म्हणून लगेच उडवू नका. नोजगियरचा मार फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) जातो: पत्र्याला सुरकुती, सैल रिव्हेट, इंजिन माउंटला तडा. प्रोपेलर जमिनीला लागला असेल तर नुसते पाते बदलून भागत नाही. लायकमिंग इंजिनात क्रँकशाफ्टचा मागचा गिअर, त्याचा बोल्ट आणि डॉवेल (गिअर जागेवर धरणारी खुंटी) उघडून तपासल्याशिवाय एएमईने (विमान देखभाल अभियंत्याने) सही करू नये.