वेणी खालून बारीक होते, लांबी टिकत नाही: तुमचे अनुभव लिहा

मनू_सोलापूर
भाची आलीय पुण्याहून सुट्टीला. काल न्हाऊन बाहेर आली आणि आपला जाडजूड टेरी टॉवेल घेऊन केस असे खसाखसा पुसायला लागली की माझ्या तोंडून थेट आईचं वाक्य निघालं, "अगं हळू, केस आहेत ते!" आई अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती. घरात सेकंडचे (थोडी खोट असलेले) टॉवेल ढिगाने, पण केसांना कधी टॉवेल लावला नाही तिने. जुन्या सुती पातळाचा मऊ तुकडा असायचा, तो गुंडाळायचा, दाबायचा, सोडून द्यायचा. साठी उलटली तरी कमरेखाली वेणी, आणि शेवटपर्यंत तेवढीच जाड. आम्ही म्हणायचो घराण्याचे केस.
आता मला वाटतं नुसतं घराणं नाही. केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंमी वाढतात, वर्षाला 5-6 इंच. तरी कितीतरी जणींची वेणी पाठीच्या मध्यावर येऊन थांबते, कारण वरून जेवढं येतं तेवढं खालून तुटतं. कमरेपर्यंतचा शेंडा 4-5 वर्षांचा असतो हो, तेवढी उन्हं, तेवढी न्हाणी सोसलेला. लांबी हवी तर जपायचा तो शेंडा, आपण मात्र सगळे लाड टाळूचे करतो. तुमच्याकडे काय उपयोगी पडलं, लिहा. आई, आजी, सासू काय करायच्या तेही.

शेंगाचटणी
टॉवेलचं शंभर टक्के खरं. टेरीला ते बारीक फासे असतात ना, पाणी शोषायला चांगले पण ओला केस त्यात अडकून ओढला जातो, आणि ओला केस कोरड्यापेक्षा नाजूक असतो. मी मुलाचा जुना होजिअरीचा टीशर्ट वापरते. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

जुळे_सोलापूरची_सून
पाणी पाणी पाणी!! माहेर कोल्हापूर, तिकडे केसांना काही करावं लागायचं नाही. इथे नळाला 4-5 दिवसांनी पाणी आणि बाकी सगळं बोअरवर. बोअरचं पाणी एवढं जड की साबणाला फेस नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर. तोच थर केसांवर बसतो, केस राठ होतो, गुंता होतो, आणि गुंता ओढला की शेंडा तुटला. आता डोक्यावरून न्हायचं ते नळाच्याच पाण्याने, दोन बादल्या बाजूला झाकून ठेवते. कमी पडलं तर निदान शेवटचे दोन तांबे तरी नळाचे. सासूबाईंना आधी पटत नव्हतं, आता त्याच विचारतात "तुझी बादली भरली का".

कुरळी_पोर
@जुळे_सोलापूरची_सून ताई सेम सेम. तुमच्याकडे कधी आलं पाणी? आमच्याकडे सैफुलला काल यायचं होतं अजून पत्ता नाही.

जुळे_सोलापूरची_सून
पहाटे साडेतीनला आलं गं, झोपमोड.

लॅबवाली
रक्त तपासणीच्या कामात आहे म्हणून एक सांगते, आधी केस *गळतोय* का *तुटतोय* ते बघा. पडलेला केस उजेडात धरा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर मुळापासून आलेला, दिवसाला 50 ते 100 असे जाणं नॉर्मल आहे. गाठ नाही आणि आखूड तुकडा आहे तर तुटलेला. तुटणाऱ्याला गोळ्या घेऊन उपयोग नाही आणि गळणाऱ्याला कंडिशनर लावून उपयोग नाही. गळणं वाढलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, ते बहुतेक हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड बघायला सांगतात. आपल्याकडच्या बायका अंगावर काढतात आणि तेलं बदलत बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.
आणि मनू ताई, घराणं थोडं असतंच. एक केस वाढत राहण्याचा काळ कुणाचा 2 वर्षांचा तर कुणाचा 6-7 वर्षांचा, त्यामुळे प्रत्येकीची वेणी गुडघ्यापर्यंत नाही जाणार. पण बहुतेक जणी त्या मर्यादेपर्यंत पोचतच नाहीत, आधीच तुटतात, हे तुमचं बरोबर.

अश्विनी७७
लॅबवाली ताई डेंग्यूनंतर माझे मूठमूठ गेले होते, आता मुळाशी दाट आलेत पण वेणी घातली की खाली उंदराची शेपटी. हे तुटणंच का? रडू यायचं खरंच.

लॅबवाली
@अश्विनी७७ नाही गं, तापानंतर 2-3 महिन्यांनी असं गळतं, बाळंतपणानंतरही तेच. तेव्हा गेलेले केस परत उगवलेत पण ते अजून मानेपर्यंतच आलेत, म्हणून खाली फक्त जुने उरलेले दिसतात. नवीन खाली पोचायला दोनेक वर्षं जातील. तोवर जमत असेल तर लांबी थोडी कमी कर, दाट दिसतील. धीर धर, येतील.

अश्विनी७७
हे कुणीच सांगितलं नव्हतं. थँक्यू ताई 🙏 डॉक्टर म्हणाले "येतील केस" आणि पुढचा पेशंट.

कुरळी_पोर
माझे कुरळे. शाळेत असताना आई कोरडे विंचरायची, कटाकट आवाज यायचा. आता कोरडे असताना कंगवा लावतच नाही, न्हाताना कंडिशनर लावलेला असतानाच मोठ्या दाताच्या कंगव्याने, आधी शेंडे मग मधले मग वरचे, खालून वर जायचं. गुंता वरून खाली ढकलत नेला की सगळा शेंड्याला येऊन घट्ट बसतो. एवढ्या एका बदलाने वर्षभरात खांद्यावरून पाठीपर्यंत आलेत. पार्लरवाली दर वेळी स्मूदनिंग (केस सरळ करायची ट्रीटमेंट) कर म्हणते, करणार नाही, मला माझे असेच आवडतात.

पोरीचा_बाबा
बायकांच्या धाग्यात घुसतोय, चालेल ना. बायको नर्स आहे, सकाळची ड्युटी, त्यामुळे मुलीच्या वेण्या माझ्याकडे. शाळेत दोन वेण्या दुमडून वर रिबीन कंपल्सरी. वर्षभराने लक्षात आलं की जिथे वेणी दुमडतो आणि रिबीन आवळतो बरोबर तिथेच केस तुटलेत, दोन्हीकडे, एकाच उंचीवर. मग एक दिवस कानामागे बांधायची, एक दिवस थोडी खाली, आवळायची कमी, आणि घरी आल्या आल्या सोडायची. नायलॉनची रिबीन बंद करून कापडी आणली. आता ती जागा भरत आलीय. खेळताना सुटते मग बाईंची चिठ्ठी येते ते वेगळं.

शेंगाचटणी
दादा तुमचं फार कौतुक वाटलं. आमच्याकडे पोरीचा भांग पाडायला सांगितला तरी हाक मारतात.
आता माझं. खोबरेल न्हायच्या आधी लावायचं, रात्री किंवा निदान तासभर आधी, आणि शेंड्यांना जास्त. खोबरेल केसाच्या आत शिरतं त्यामुळे पाण्यात केस कमी फुगतो आणि न्हाताना त्यातलं प्रथिन कमी जातं. 2003 मध्ये मॅरिकोच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल तपासून बघितलं त्यात खोबरेलच सरस ठरलं. कंपनी तेल विकणारी आहे हे धरलं तरी मला पटतं कारण अनुभव तोच आहे. फक्त तेलाने वाढ दुप्पट होते वगैरे नाही, होतं ते शाबूत राहतं.

अक्का_पूर्वभाग
आमच्या पद्मशाली घरात बतुकम्माला (आम्हा तेलुगू लोकांचा फुलांचा सण) सगळ्या पोरी लांब वेण्या घालून फुलं माळून निघायच्या. ज्यांचे आखूड त्यांना गंगावन. माझी अम्मा गंगावन जड लावू देत नसे, म्हणायची वजनाने आपले केस ओढले जातात. झोपताना सैल वेणी, कधीच मोकळे नाही. अजून नातींना मीच घालून देते. नऊवारीतली जुनी रेशमी पट्टी उशीला शिवून दिलीय, गालालाही गार लागते उन्हाळ्यात.

विजापूररोड_स्कूटी
स्कूटीवाल्या पोरींनो वेणी स्कार्फच्या आत घ्या. एप्रिल मेच्या उन्हात 42-43 डिग्रीत शेंडे मोकळे फडफडत गेले की संध्याकाळी गाठी. माझी अर्धी लांबी रस्त्यावरच जात होती.

नवीन_सदस्य
सेकंडचे टॉवेल कुठे मिळतात? पुण्याला न्यायचे आहेत 10-12.

मनू_सोलापूर
@नवीन_सदस्य एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांच्या बाहेरच काउंटर असतात, वजनावर देतात, शिवण बघून घ्या. अंग पुसायला हं, केसांना नको 🙂
अक्का, उशीचं फार आवडलं, आजच जुनी साडी काढते.

अश्विनी७७
शेंडे कापले की केस वाढतात हे खरं का? सासूबाई दर अमावस्येनंतर कापायला लावतात.

कुरळी_पोर
वाढ मुळाशी होते ताई, शेंड्याला कापलेलं मुळाला कळत नाही. पण फाटे फुटलेला केस वरपर्यंत चिरत जातो, म्हणून तेवढे कापायचे. मी 3-4 महिन्यांनी अर्धा इंच घेते, तेही धारदार कात्रीने, भाजीच्या कात्रीने नाही. दर महिन्याला एक इंच कापलात तर महिन्याची वाढ अर्धाच इंच, मग लांबी कुठून राहणार?

अश्विनी७७
हा हिशोब दाखवते त्यांना. प्रेमाने.

पोरीचा_बाबा
कापडी रिबीन सॅटिनची मिळते का कुठे? सुती सारखी सुटतेय, चिठ्ठ्या वाढल्यात.

अक्का_पूर्वभाग
नवी पेठेत बघा दादा, नाहीतर परकराच्या जुन्या सॅटिनची पट्टी फाडून कड दुमडून शिवा. सुटू नये म्हणून शेवटचे दोन पेड रिबिनीसकट विणा, मग गाठ.