मदत हवी आहे: गेमिंगसाठी रॅम वाढवायची आहे, १६ जीबीची एक स्टिक की ८-८च्या दोन?

नमस्कार मंडळी,

घरच्या पीसीची रॅम वाढवायची आहे. इथे नागपुरात बर्डीवर चौकशी केली तर प्रत्येक दुकानात वेगळाच सल्ला मिळाला, म्हणून इथे विचारते आहे.

पीसी असा आहे: रायझन ५ ५६००जी, बी४५० चिपसेटचा छोटा मदरबोर्ड, रॅमचे दोनच स्लॉट. एका स्लॉटमध्ये क्रूशियलची ८ जीबी डीडीआर४ स्टिक आहे (वेग २६६६), दुसरा रिकामा. सॅटा एसएसडी, विंडोज ११. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर मी आणि धाकटा भाऊ खेळतो.

जीटीए ५ छान चालतो. फोर्झा होरायझन ५ मात्र जीव खातो. मोकळ्या रस्त्यावर ठीक असतं, पण वस्तीत शिरून वळण घेतलं की चित्र क्षणभर गोठतं, इंजिनाचा आवाज पुढे निघून जातो आणि चित्र परत येईपर्यंत गाडी भिंतीला टेकलेली असते. त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर असते. तिथेच आणखी एक गोष्ट दिसली: ८ जीबीपैकी जेमतेम ५.९ जीबी वापरण्याजोगी, बाकीची ‘हार्डवेअर रिझर्व्ड’. म्हणजे ग्राफिक्ससाठी २ जीबी आधीच बाजूला काढलेली आहे. या गेमला कमीत कमी ८ जीबी लागते आणि शिफारस १६ची आहे. आमच्याकडे सहासुद्धा उरत नाही.

एक दुकानदार म्हणतो, जुनी काढून १६ जीबी ३२०० ची एकच स्टिक लावा, पुढे ३२ करता येईल. दुसरा म्हणतो, जुनी राहू द्या, रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ची लावा. तिसरा तर रॅमचं नावच काढू देत नाही, थेट ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणतो. कार्डाचं बजेट सध्या नाही. भावाची इंजिनिअरिंगची ॲडमिशन यंदाच आहे, आणि हाच पीसी त्याला कॉलेजच्या कामालाही लागणार आहे.

त्यात २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेले. एआयच्या डेटा सेंटरकडे मेमरी वळल्यामुळे हे झालं, हे माहीत आहे. क्रूशियल ज्यांचा ब्रँड, त्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियलचा ग्राहकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून तीच स्टिक मिळेल याचा भरवसा नाही. वेगळ्या कंपनीची, ३२०० ची स्टिक जुन्या २६६६ सोबत चालेल का? मिसळल्यामुळे पीसी हँग होईल का? आणि उन्हाळ्यात आमची खोली भट्टी होते, गोठण्याचं कारण उष्णता तर नसेल ना?

प्रतिसाद

ताई, दुसऱ्या दुकानदाराचं ऐका. तुमचं ग्राफिक्स वेगळ्या कार्डावर नाही, त्याला स्वतःची मेमरी नाही, ते सगळं काम याच रॅममधून करून राहिलं आहे. त्यामुळे रॅम किती आहे याइतकंच ती किती वेगानं डेटा देते हे महत्त्वाचं.

हिशेब सोपा आहे. एक चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधली डेटाची वाट, ६४ बिटचा, म्हणजे एका वेळी ८ बाइट. ३२०० ची एकच स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते. तुमची आताची २६६६ ची एकटी २१.३ देते. दोन स्टिक लावल्या की दोन चॅनल उघडतात आणि २६६६ वरच ४२.६ मिळतात. १६ची एकच महाग स्टिक लावली तर जागा वाढेल, पण वेग फारसा वाढणार नाही. ८+८ मध्ये जागा तितकीच, वेग आताच्या दुप्पट.

कंपनी वेगळी असली तरी बहुतेक वेळा चालतं. दोन्ही स्टिक कमी वेगाच्या स्टिकवर येतात, म्हणजे २६६६ वर. तरीही खात्री दुकानातच करा: जुनी स्टिक काढून सोबत न्या, डीडीआर४ डेस्कटॉपचीच मागा (डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही), आणि चालली नाही तर बदलून देणार का हे पैसे देण्याआधी विचारा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, एक भर. वर्षभरात ग्राफिक्स कार्ड नक्की घेणार असाल, तर १६ची एक स्टिक घेण्यात अर्थ आहे, कारण कार्डाला स्वतःची मेमरी असते. नसाल, तर अजिबात नाही.

उष्णतेचं म्हणाल तर मेमरी ९० टक्क्यांवर असताना आणि नेमकं नवा भाग लोड होताना गेम गोठतो, हे रॅम अपुरी पडल्याचंच लक्षण आहे. जागा संपली की विंडोज एसएसडीचा आधार घेतं, आणि ती रॅमच्या तुलनेत फार मंद. कॅबिनेटवर कुलरची ओली हवा थेट येत असेल तर मात्र जागा बदला. नागपुरात मे महिन्यात धूळ आणि ओल मिळून पंख्यांवर थर बसतो.

लावताना प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा, मगच स्टिक धरा. दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबायची. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही वेळ काळी राहते, पीसी स्वतःच पुन्हा सुरूही होतो. घाबरून लगेच बंद करू नका, तो नव्या रॅमशी जुळवून घेत असतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, ८+८ च करते. दोन चॅनल खरंच सुरू झाले हे कुठे दिसेल? आणि १६ झाल्यावर ग्राफिक्सची ती २ जीबी ४ करू का?

प्रतिसाद

सीपीयू-झेड हा पीसीची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, ‘मेमरी’ टॅबमध्ये चॅनलपुढे ‘ड्युअल’ किंवा ‘२ गुणिले ६४ बिट’ दिसलं पाहिजे. तिथे वेग १३३३ च्या आसपास दाखवेल, तो बरोबर आहे, डीडीआरमध्ये त्याची दुप्पट धरायची. २ जीबी आहे तशीच ठेवा. जास्त लागली तर विंडोज उरलेल्या रॅममधून ग्राफिक्सला आपोआप देतं, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ४ अडवून ठेवली तर ती बाकी कामाला मिळतच नाही. आणि लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. एकही एरर आला तर स्टिक लगेच परत न्या.