गुरं चरतात तिथे नवीन झाडं येतच नाहीत का?

बेलापूरकर:
पारसिक टेकडीवर सकाळी फिरायला जाते. मोठी झाडं बऱ्यापैकी आहेत, पावसात खाली रोपंही उगवतात, पण माणसाच्या उंचीचं झाड शोधून सापडत नाही. शेळ्या, गुरं रोज असतात. आमचा ग्रुप म्हणतोय तारेचं कुंपण घालू आणि काटेरी झुडपं साफ करून रोपं लावू. झुडपं काढणं मला पटत नाहीये. कोणी सांगेल का?

येऊरवासी:
ताई, झुडपं अजिबात काढू देऊ नका!! करवंदीच्या जाळीत वाकून बघा, आत शिवण नाहीतर ऐनाचं रोप सरळ वर चाललेलं दिसेल कारण शेळीचं तोंड तिथे पोचत नाही, आणि एकदा शेंडा जाळीच्या वर गेला की तो तिच्या आवाक्यात राहत नाही. इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टमध्ये घोडे-गुरं शेकडो वर्षं मोकळी चरतायत, तिथेही ओकची पोरं काटेरी झुडपांच्या आडोशानेच मोठी होतात.

रानवाट_ठाणे:
गाय मुख्यतः गवत खाते, शेळी पाला आणि कोवळे शेंडे, सगळ्यांना एकच नियम लावू नका. गुरांच्या खुरांनी माती दबते ते वेगळंच. आणि पळस, कुडा शेळ्या फारशा खात नाहीत, म्हणून चराईच्या जागी शेवटी तेच उरतात, विविधता जाते. एक करून बघा, गुडघ्याएवढी रोपं नीट तपासा. खोड अंगठ्याएवढं जाड आणि शेंडा पुन्हा पुन्हा खुडलेला असेल तर ते यंदाचं नाही, मुळं जुनी आणि दमदार आहेत. त्याला दोन-तीन पावसाळे वाचवा, नर्सरीच्या रोपापेक्षा भराभर वाढेल. विकत आणायचीच काय गरज?

मुरबाडचा_बाळू:
वरच्या दोघांशी सहमत, पण चराई पूर्ण बंद केली आणि गवत तसंच उभं ठेवलं तर उन्हाळ्यात वणवा लागतो आणि त्यात सगळी बारकी रोपं जातात, हे आमच्याकडे दरवर्षी बघतो. हिवरे बाजारला चराईबंदी केली पण गवत कापून न्यायची मुभा ठेवली, म्हणून जमलं. तुम्ही टेकडीचा एकच तुकडा आधी राखा, दिवाळीनंतर तिथलं गवत गुराख्यांनाच कापून नेऊ द्या, रोपांना काठ्या लावून खुणा करा म्हणजे विळ्याखाली जाणार नाहीत. रोपं तोंडाच्या वर गेली की तो तुकडा गुरांना मोकळा करून पुढचा राखा. कुंपणाआधी गुराख्यांशी बोला, कुठे काय उगवतं ते त्यांना सगळ्यात जास्त माहीत असतं.