धक्क्यावरील नियमांच्या पाट्या: किती लावाव्यात आणि कोणत्या शब्दांत?

खाडीकाठ (ऐरोली):
नमस्कार. ठाणे खाडीच्या काठी आमच्या मंडळाचा बोटींचा एक छोटा धक्का आहे. सभासदांच्या बोटी तेथे बांधलेल्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी त्यांचे पाहुणे व शाळांच्या सहलीही येतात. काही अनुचित घडले की समितीने एक पाटी लावायची, असे करता करता फाटकापासून पाण्यापर्यंत आता 19 पाट्या झाल्या आहेत आणि त्यांतील बहुतेकींचा शेवट ‘सक्त मनाई आहे’ किंवा ‘दंड आकारला जाईल’ असा होतो. मागच्या रविवारी नातवाला घेऊन आलेल्या एका आजोबांनी फाटकाशी उभे राहून त्या सगळ्या वाचल्या आणि मला विचारले, “आम्ही आत आलेले चालेल ना?” ते आमच्याच सभासदाचे वडील होते. समितीतील काहींना आणखी तीन पाट्या हव्या आहेत. मला मात्र आहेत त्याच कमी कराव्यात असे वाटते. आपला अनुभव कळवावा.

दिवाळेकर (बेलापूर):
आमचे घर कोळीवाड्यातले, त्यामुळे धक्क्यावरच वाढलो. तुमच्याकडे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर ‘खाली उतरू नये’ अशी पाटी असणारच, आणि तरीही लोक उतरत असतील, कारण ओहोटीला त्या पायऱ्या कोरड्या आणि निरुपद्रवी दिसतात. उधाणाच्या दिवसांत आपल्या खाडीत भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून अधिक अंतर पडते. म्हणजे सकाळी ज्या पायरीवर माणूस उभा राहून फोटो काढतो, तीच सहा तासांनी डोक्याच्या वर पाण्याखाली असते आणि म्हणूनच तिच्यावर शेवाळ धरलेले असते. हे नव्या माणसाला कसे कळावे? त्याला तेवढेच सांगा: ‘या पायऱ्या भरतीत बुडतात. शेवाळामुळे पाय घसरतो. कठडा धरूनच उतरावे.’ आमच्याकडे एका काळ्या फळ्यावर रोज भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहिल्या जातात. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे तो फळा रोज पुसून नव्याने लिहावाच लागतो, आणि येणारा प्रत्येक जण तो थांबून वाचतो. ज्या पाटीवर कालच कोणाचा तरी हात फिरला आहे, तिच्यावर माणसाचा विश्वास बसतो. गंजलेल्या पत्र्यावरच्या दंडाच्या धमकीतून एवढेच कळते की येथे कोणी लक्ष देत नाही.

सुरक्षा_विभाग (रबाळे):
दिवाळेकरांचे म्हणणे पटते, परंतु सगळीकडे सौम्य भाषा चालणार नाही. मी कारखान्यात सुरक्षेचे काम पाहतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचून राहते. इंधन भरण्याच्या जागी ‘धूम्रपान करू नका’ हे शब्द आणि लाल वर्तुळातील तिरकी रेघ एवढेच हवे, तेथे विनंती करीत बसू नये. लाइफ जॅकेटचेही तसेच. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीचा अपघात झाल्यानंतर हा नियम जाचक आहे असे कोणी म्हणेल, असे मला वाटत नाही. निळ्या वर्तुळात पांढरे चित्र म्हणजे ‘हे केलेच पाहिजे’, पिवळा त्रिकोण म्हणजे ‘धोका आहे’. हे संकेत ठरलेले आहेत, ते पाळावेत. तुमची खरी अडचण अशी दिसते की ‘फुले तोडू नयेत’ आणि ‘लाइफ जॅकेट घाला’ या दोन्ही पाट्या एकाच आकाराच्या आणि एकाच लाल रंगाच्या असतील. तसे असेल तर जीव वाचवणारी पाटी तुम्ही स्वतःच झाकून टाकली आहे.

पक्षीमित्र (नेरूळ):
एकच भर घालतो. फलक मोठा आणि उंच नसावा. 2024 च्या सुरुवातीला नेरूळ जेट्टीजवळच्या मोठ्या फलकावर आदळून काही रोहित पक्षी मेले आणि पुढे तो फलक काढावा लागला. ‘गोंगाट करू नये’ असे लिहिले असेल, तर ‘समोरच्या चिखलात रोहित पक्षी चरत आहेत, कृपया आवाज कमी ठेवावा’ असे लिहून पाहा. मात्र ती पाटी ते पक्षी येथे असतात त्या महिन्यांतच लावा.

खाडीकाठ (ऐरोली):
सर्वांचे मनापासून आभार. काल धक्क्यावर फिरून प्रत्येक पाटीसमोर उभा राहिलो. फुलांची आणि लाइफ जॅकेटची पाटी खरोखरच सारखी निघाली. दंडाच्या सात पाट्या उतरवाव्यात, कारण आजवर दंड कोणाकडूनच घेतलेला नाही. पायऱ्यांची पाटी दिवाळेकरांच्या शब्दांत लिहावी. इंधनाची आणि जॅकेटची पाटी ठरलेल्या रंगांत नव्याने करावी, असा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवणार आहे. फाटकावरील ‘बाहेरच्या व्यक्तींना प्रवेश नाही’ या पाटीबद्दल मात्र वाद होईल, कारण रात्री बोटींतून दोर आणि बॅटरी चोरीला गेल्यावर ती लावली होती. ती सूर्यास्तानंतर फाटक बंद करताना आतून अडकवावी आणि सकाळी काढावी, असे सुचवून पाहतो. भरतीच्या वेळांचा फळा आजच आणला आहे.