रोजच्या खिशातल्या टॉर्चसाठी सेल कोणता: पेन्सिल सेल की लिथियम-आयन?

वाटाड्या
खिशात बाळगायच्या टॉर्चची चर्चा बहुतेक वेळा ल्यूमेनच्या, म्हणजे उजेडाच्या मापाच्या, आकड्यांपाशीच अडकते आणि तिच्यात सेल कोणता घालायचा, हा प्रश्न मागे पडतो. माझ्या मते अशी टॉर्च एका पेन्सिल सेलवर, म्हणजे डबल-ए आकारावर चालणारीच असावी आणि तिच्यात पडून राहिला तरी फारसा न उतरणारा निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल सेल घालावा. त्याचे १.२ व्होल्ट नेहमीच्या, एकदाच वापरायच्या अल्कलाइन सेलच्या १.५ पेक्षा कमी दिसतात खरे. परंतु पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागत असल्यामुळे व्होल्टेज वाढवणारे सर्किट अशा टॉर्चमध्ये असतेच, आणि हा सेल रिकामा होत येईपर्यंत आपले व्होल्टेज जवळपास स्थिर ठेवतो. अल्कलाइनची क्षमता मात्र मंद वापरापुरतीच खरी असते. जास्त करंट ओढला की ती निम्म्याच्याही खाली येऊ शकते. सॅन्योने २००५ साली एनेलूप हा असा न उतरणारा सेल आणल्यापासून ‘रिचार्जेबल सेल पडून उतरतो’ या जुन्या तक्रारीतही तथ्य उरलेले नाही. शिवाय अडचणीच्या वेळी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढूनही काम भागते.

रात्रपाळी
हे मला पटत नाही. साधा हिशेब मांडू. २००० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, सेलच्या क्षमतेचे माप) निकेल सेल १.२ व्होल्टने सुमारे २.४ वॉट-तास ऊर्जा देतो, तर ३४०० एमएएचचा, १८६५० या मोठ्या आकाराचा रिचार्जेबल लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टने १२ वॉट-तासांहून अधिक, म्हणजे पाचपट. त्याहून महत्त्वाचा मुद्दा करंटचा आहे. एलईडीला ३ वॉट द्यायचे झाले, तर १.२ व्होल्टच्या सेलमधून अडीच अँपिअरहून जास्त ओढावे लागतात, लिथियममधून एक अँपिअरही पुरेसा होतो; सेल आणि सर्किट कशामुळे तापते, हे यावरून कळावे. मी रात्रपाळीत यंत्रांच्या मागच्या बाजू तपासतो. तेथे वायरीवरचा क्रमांक वाचायला भरपूर आणि सलग उजेड लागतो, आणि एका पेन्सिल सेलने तो मला कधीही पुरवलेला नाही.

निशिगंध
आपण दोघेही रोज पेटणाऱ्या टॉर्चचाच विचार करत आहात. माझी टॉर्च पिशवीच्या तळाशी महिनोन्‌महिने तशीच असते. एकदा गरज पडली तेव्हा मागची टोपी फिरेना. फडक्यात धरून जोर लावला तेव्हा ती सुटली, तर स्प्रिंगवर पांढरा, खरखरीत थर बसलेला होता आणि फुगलेला अल्कलाइन सेल तळहातावर कितीही आपटला तरी नळीतून निघाला नाही. आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तो थर बनतो. तेव्हापासून मी एकदाच वापरायचा १.५ व्होल्टचा लिथियम पेन्सिल सेल घालते. तो अल्कलाइनच्या २३ ग्रॅमसमोर अवघा १५ ग्रॅमचा असतो, कडाक्याच्या थंडीत चालतो आणि सहसा गळत नाही. तो महाग आहे आणि चुकूनही चार्जरमध्ये लावायचा नसतो. पण वर्षातून चारदा पेटणाऱ्या टॉर्चसाठी चार्जिंगची आठवण ठेवण्यापेक्षा हे मला परवडते.

वाटाड्या
निशिगंध, आपला अनुभव मोलाचा आहे. क्वचित लागणाऱ्या टॉर्चपुरते मी माझे मत बदलतो. रात्रपाळी यांचा हिशेबही बिनचूक आहे. तरीही मला घरातल्या माणसांची काळजी वाटते. १४५०० हा लिथियम-आयन सेल हुबेहूब पेन्सिल सेलएवढा असतो, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर त्याचे व्होल्टेज ४.२ असते. तो कोणी अजाणता घड्याळात किंवा मुलाच्या खेळण्यात घातला तर ते जळण्याची भीती आहे. सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर राहिला आणि शॉर्ट झाला, तर भाजण्यापर्यंत पाळी येते. शिवाय लिथियम-आयन सेलमधले संरक्षक सर्किट व्होल्टेज फार उतरताच प्रवाह तोडते, आणि माणूस जिन्याच्या मध्यावर अंधारात उभा राहतो.

रात्रपाळी
शेवटच्या मुद्द्यावर मी ठाम असहमत आहे. निकेलचे व्होल्टेज स्थिर असते, हा आपण सांगितलेला गुणच येथे आड येतो: सेलमध्ये किती उरले आहे हे मोजून नीट कळत नाही आणि शेवटी तो झटकन बसतो. लिथियम-आयन ४.२ वरून पायरीपायरीने खाली येतो, त्यामुळे चांगली टॉर्च दिव्याच्या रंगाने किंवा उजेड कमी करून वेळीच इशारा देते. सुटा सेल प्लॅस्टिकच्या डबीतच न्यावा आणि संरक्षक सर्किट असलेलाच घ्यावा, हे मात्र मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. १४५०० विषयीची आपली भीती मला पूर्ण मान्य आहे. लहान मुलांच्या घरात तो आणूच नये. मी १८६५० सुचवतो त्याचे एक कारण हेच: १८ मिलिमीटर जाडीचा तो सेल पेन्सिल सेलच्या खाचेत शिरतच नाही.