२ फुटी फिशटँक घरात आलाय, मासे कुठले घेऊ? (बजेट जवळजवळ शून्य)

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी. बहिणीने घर बदललं आणि तिचा जुना काचेचा टँक आमच्या गळ्यात पडला. लांबी २ फूट, रुंदी आणि उंची १-१ फूट. सोबत काही नाही, नुसती काच. लेकीला मासे हवेत, ती तर नावं पण ठरवून बसलीये. टँक फुकट आलाय म्हणून हा सगळा उद्योग, तेव्हा आधीच सांगते की फार खर्च करायचा नाहीये. एक साधा फिल्टर, थोडी खडी आणि मासे, बस. नवशिक्याला झेपतील असे कुठले? पाणी रोज बदलावं लागतं का? लेकीचा हट्ट गोल्डफिशचा आहे.

टाकीवाला
अभिनंदन. पण २ फुटी घेऊच नका, दोन महिन्यांत छोटा वाटायला लागतो. सरळ ३ फुटी घ्या, कॅनिस्टर फिल्टर (टँकच्या बाहेर बसतो तो), चांगला एलईडी लाइट आणि खरी झाडं लावणार असाल तर सीओटूचा सिलिंडर. माझ्याकडे हाच सेटअप आहे, येणारा प्रत्येक पाहुणा आधी टँकपाशी जातो मग आमच्याशी बोलतो.

खिडकीपाशी
घेतलेला नाहीये हो, आलाय. आणि बजेटचं वर लिहिलंय.

मिनी_मासोळी
गोल्डफिश नका घेऊ प्लीज. दुकानात बोटाएवढा दिसतो पण साधा लांबुळका गोल्डफिश २५-३० सेंमी होतो आणि गोल पोटवाले फॅन्सी सुद्धा १५-२० पर्यंत जातात. त्यात खातात भरपूर आणि घाण त्याहून भरपूर. २ फुटी टँकमध्ये पाणी भरून भरून ५० लिटर बसणार, त्यात बिचाऱ्यांचं काय होणार. गप्पी घ्या, रंगीत असतात, चिवट असतात, मुलांना आवडतात.

जुनाजाणता
काही होत नाही. आमच्या लहानपणी गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश होते, ना फिल्टर ना मोटर, चांगले जगले. हल्ली उगाच सगळ्याचं अवघड शास्त्र करून ठेवलंय.

मिनी_मासोळी
काका चांगले जगले म्हणजे किती? नीट ठेवला तर गोल्डफिश १० वर्षं सहज काढतो.

जुनाजाणता
मोजलं नव्हतं.

शेवाळी
मासे नंतर ठरवा, आधी एक ऐका कारण बहुतेक नवशिक्यांचे मासे इथेच मरतात. मासे शू-शी करतात, उरलेलं खाणं कुजतं, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विष आहे. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर एक प्रकारचे बॅक्टेरिया वाढतात ते अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, पाणी बदललं की निघून जातं. हे बॅक्टेरिया नव्या टँकमध्ये नसतात. ते जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून आज टँक भरून संध्याकाळी मासे सोडले की पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि मासे तरी मरतात, मग लोक दुकानदाराला शिव्या घालतात. फिल्टर चालू करा, चिमूटभर फिशफूड रोज टाकत राहा आणि थांबा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे. रोज पाणी बदलायचं नाही, आठवड्याला पाव टँक पुरे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, ते उडून जायला पाणी एक दिवस उघडं ठेवतात पण तुमच्याकडे पाण्यात क्लोरामाइन टाकत असतील तर ते तसं उडत नाही, त्यापेक्षा क्लोरिन मारायचे थेंब मिळतात ते टाका. आणि स्पंज कधीही नळाखाली धुवू नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर क्लोरिनने सगळे बॅक्टेरिया गेले आणि परत पहिल्यापासून.

वाचनमात्र
+१ शेवाळी. रोज पाणी बदलायचं नाही, पाव टँक आठवड्याला.

रिकामटेकडा
सकर फिश घ्या एक, काच आपोआप साफ होते, तुम्हाला काही करावंच लागत नाही.

मिनी_मासोळी
आणि तो स्वतः घाण करतो ती कोण साफ करणार? साधा सकर फूटभराच्या वर जातो. मग लोक कंटाळून नदी-तळ्यात सोडून देतात आणि तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो. शेवाळ वाढू नये असं वाटत असेल तर टँक उन्हात ठेवू नका आणि लाइट ७-८ तासांवर जाळू नका.

एकटाजीव
मी सांगतो, एक फायटर (बेट्टा मासा). एकच. दुसरा नर टाकलात तर एकमेकांची पिसं काढतील. फायटर वरची हवा घेऊ शकतो त्यामुळे लोक त्याला बाटलीत ठेवतात पण त्याला पाणी कोमट लागतं, २४ ते २८ डिग्री, आणि फिल्टरचा झोत कमी. ५० लिटरमध्ये तो राजासारखा राहील. माझा तर मी दिसलो की काचेपाशी येतो. बायकोकडे नाही येत.

खिडकीपाशी
लेक म्हणतेय एका माशाला दोन नावं कशी ठेवणार.

गप्पीग्रस्त
गप्पी सुचवणाऱ्यांनी एक गोष्ट लपवलीये. मादी साधारण दर महिन्याला पिल्लं घालते, अंडी नाही, थेट पोहणारी पिल्लं. आणि नर काढून टाकला तरी थांबत नाही, एकदाचं बीज ती महिनोन्महिने साठवून ठेवते. माझ्या ओळखीतलं कुणी उरलं नाही ज्याला मी पिशवीत गप्पी दिले नाहीत, आता लोक फोन उचलत नाहीत. घ्यायचेच तर फक्त नर घ्या, रंगीत तेच असतात.

टाकीवाला
३ फुटी असता तर हा प्रश्नच नव्हता.

मिठाचा_खडा
कुठलेही घ्या, खडे मीठ टाकत जा, रोग येत नाही.

शेवाळी
सरसकट मीठ नको. पाणी उडतं, मीठ उडत नाही, नुसती भर घालत गेलात तर वाढत राहतं. झाडं जळतात, कोरीसारखे तळाचे मासे सोसत नाहीत. औषध म्हणून ठीक, रोजचं नाही.

मिठाचा_खडा
माझ्याकडे पांढरे ठिपके आले होते, मिठानेच गेले.

शेवाळी
इकवर (म्हणजे त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर) मीठ चालतं, नाही कुठे म्हटलं. पण ठिपके अंगावर असतात तोवर त्या किड्याला काही लागू होत नाही. तो गळून पडतो, फुटतो, नवे किडे पाण्यात पोहायला लागतात तेव्हाच मरतात. म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार आणखी काही दिवस चालू ठेवायचे. सगळे नेमके तिथेच थांबवतात.

तारांगण
एक कोणी बोललं नाही. मोटर (एअर पंप) टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर लाइट गेली की नळीतून पाणी उलटं खाली येतं आणि थेट मोटरमध्ये. खालीच ठेवायची असेल तर नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह घाला, अगदी फुटकळ वस्तू आहे. आमच्या शेजारी रात्रीत अर्धा टँक जमिनीवर आला होता. आणि भरलेला टँक ७० किलोच्या आसपास जाईल, शोकेसवर वगैरे ठेवू नका.

वाचनमात्र
+१, मोटर वर ठेवा.

खिडकीपाशी
सगळ्यांचे आभार, शेवाळी तुमची पोस्ट प्रिंट काढून फ्रिजवर लावलीये. पण एक झालंय. वरच्या मजल्यावरचे काका गावी राहायला चाललेत, त्यांचे दोन फॅन्सी गोल्डफिश, चालू स्पंज फिल्टर, मोटर, जाळी, खाणं, सगळं देताहेत, पैसे न घेता. आम्ही घेतोय. माहितीये काय म्हणाल. नावं ठेवून झालीत, आता माघार शक्य नाही.

जुनाजाणता
बघा. शेवटी गोल्डफिशच.

मिनी_मासोळी
एवढं सगळं लिहून परत तेच. मग निदान मोठ्या टँकची तयारी ठेवा आत्तापासून.

शेवाळी
पण चालू स्पंज येतोय ते फार भारी झालं, बॅक्टेरिया आयते आले, तुमचे बरेचसे आठवडे वाचले. फक्त तो स्पंज खाली आणताना त्यांच्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणा, वाळू देऊ नका, धुवू तर अजिबात नका. जमलं तर त्यांची थोडी खडी पण आणा. आणि गोल्डफिश म्हणजे आठवड्याला पाव टँक नाही, निम्मा. हीटरची भानगड नको, त्यांना थंडच पाणी आवडतं. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, कितीही तोंड वासून बघत असले तरी.

खिडकीपाशी
निम्मा?? बरं. आणि रविवारी बाहेरगावी गेलो तर?

एकटाजीव
चार-पाच दिवस उपाशी राहिले तरी काही होत नाही मोठ्या माशांना. शेजाऱ्यांना खायला घालायला सांगू नका, ते डबा रिकामा करतात.

टाकीवाला
३ फुटी घ्याल तेव्हा सांगा, कॅनिस्टर कुठला ते मी सुचवतो.

खिडकीपाशी
नाही.