साउथ पार्कमध्ये धर्माची टिंगल आहे की टीका?

प्रश्न: हल्ली साउथ पार्क ही अमेरिकन विनोदी कार्टून मालिका बघतोय, १९९७ पासून चालू आहे म्हणे. मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवरचा २००३ चा एपिसोड बघून हसलो पण नंतर वाईट वाटलं, कुणाच्या श्रद्धेवर इतकं हसावं का? तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद १: शेवट नीट बघितलास का? त्यांच्या धर्माची कथा कशी पटत नाही हे गाण्यातून दाखवतात खरं, पण त्यातलं मॉर्मन कुटुंब सगळ्यात प्रेमळ आहे आणि शेवटी तो मुलगा सांगतो की कथा खरी असो वा नसो, आम्हाला घरच्यांवर प्रेम करायला शिकवलंय. मला तर रडूच आलं होतं.

प्रतिसाद २: सहमत, पण सायंटॉलॉजी या अमेरिकेतल्या नव्या पंथावरचा २००५ चा एपिसोड जास्त धारदार आहे. तिथे पंथाची शिकवण जशीच्या तशी सांगतात आणि स्क्रीनवर लिहितात की हे लोक खरंच हे मानतात, वेगळा जोक करावाच लागत नाही. शोमधल्या शेफ या पात्राला आवाज देणारे आयझॅक हेज स्वतः सायंटॉलॉजिस्ट होते, २००६ मध्ये ते शोमधून बाहेर पडले. त्यांच्या मुलाने पुढे सांगितलं की तो निर्णय वडिलांचा नव्हता, ते तेव्हा स्ट्रोकमुळे आजारी होते. हे वाचल्यापासून मला फार हळहळ वाटते.

प्रतिसाद ३: मला खटकतं ते २०१० चं. २००१ मध्ये मोहंमद पैगंबर उघड दाखवले होते तेव्हा फारसं काही झालं नाही, २०१० मध्ये मात्र धमक्या आल्यावर चॅनेलने नावावर बीप टाकला, वर भीतीबद्दलचं शेवटचं भाषणही अख्खं बीप केलं!! सगळ्यांवर सारखं हसायचं हाच तर या शोचा पाया होता ना.